काढून टाकलेली गिटार

भुलीचं इंजेक्शन दिल्यावर डॉक्टरांनी दीपकला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. तो बाकावर येऊन टेकला तेव्हा त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू हळूहळू त्याला सोडून जात होती. आधी ओठाचा कोपरा गेला, मग गाल, मग जिभेची एक कड. बोटानं दाबून पाहिलं तर दुसऱ्याच कुणाच्या तरी गालाला हात लावल्यासारखं वाटलं, जाड, थंड, जरा ओशाळवाणं. छताच्या कोपऱ्यातल्या स्पीकरमधून बासरी वाजत होती आणि बासरीच्या मागे पाणी खळखळत होतं. बराच वेळ त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. मग एकाएकी ओळख पटली. हेच गाणं त्याच्या बँडनं कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवलं होतं तेव्हा प्राचार्यांनी शिपायाला पाठवून मेन स्विच पाडायला लावला होता. अंधारात ड्रमवाला तसाच बडवत राहिला होता, पोरं बाकांवर उभी होती, आणि दीपकला त्या क्षणी खात्री पटली होती की आता या शहरात काहीही पूर्वीसारखं राहणार नाही. आता त्याच गाण्याची बासरी करून नाशिकरोडच्या दवाखान्यात लावली होती, दाढेचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून. ज्यानं हे केलं त्याचं थोबाड फोडावं असं त्याला वाटलं. पण ज्यानं केलं तो तिथे नव्हता, समोर फक्त शेजारच्या पेशंटची बायको पर्स मांडीवर घेऊन बसली होती आणि बासरीच्या तालावर तिचा पाय हलत होता.

आणि मग त्याला बाप ऐकू आला.

रिसेप्शनवरची मुलगी फोन चाळत होती, तिथून आला. सावळीरामचा आवाज, किंचित नाकातला, वरच्या पट्टीत गेला की कडेला फाटणारा. ‘पहिलं अक्षर पाटीवरती…’ आणि पुढे एक मोकळी जागा. त्या जागेत खालून धप् धप् असा ठोका आणि पत्र्यावर खिळा घासल्यासारखं काहीतरी. मग पुन्हा बाप, ‘माय गं, सूर्यावाणी मोठं’. आणि लगेच एका तरुण पोराचं भराभर बोलणं, यमकं जुळवत, दम न घेता. ते बोलणं ओळखायला दीपकला वेळ लागला नाही. त्याच्या बहिणीचा मुलगा, रोहित.

“काय आवाज आहे ना,” मुलगी पर्सवाल्या बाईला म्हणाली.

“कोण गं हे?”

“जुने कुणीतरी शाहीर आहेत. आणि हा रॅप करतो ना, तो त्यांचा नातू. सगळीकडे हेच चाललंय सध्या.”

दीपक उठला. काउंटरपाशी जाऊन त्यानं सांगितलं की हा माझा बाप आहे. म्हणजे सांगायला गेला. तोंडातून निघालं ते ‘माहा बाह’ असं काहीतरी, आणि त्याबरोबर हनुवटीवर लाळ. मुलीनं त्याच्याकडे न घाबरता, न हसता पाहिलं, जसं ती दिवसभर पाहत असेल.

“काका, बोलू नका आत्ता. जीभ चावली जाते. हे टिश्यू घ्या.”

तो परत येऊन बसला. तिनं ते पुन्हा लावलं. ‘पहिलं अक्षर पाटीवरती…’ आणि ती जागा. आता त्याचं लक्ष आवाजाकडे नव्हतंच, त्या जागेकडे होतं. हे गाणं बापानं आयुष्यभर म्हटलं. इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टर्सपासून सायखेड्याच्या पारापर्यंत, प्रत्येक जयंतीला, प्रत्येक बारशाला. पेटीवर म्हणायचा तेव्हा तो ‘पाटीवरती’नंतर कधी थांबायचा नाही, श्वाससुद्धा न घेता पुढे जायचा. फक्त एकदा थांबला होता. उपनगरच्या त्यांच्या वसाहतीतल्या चौकात, अठ्ठ्याऐंशी सालच्या जयंतीच्या संध्याकाळी. पेटीवाला तापानं फणफणला होता, आणि बापानं घरी येऊन, पायजम्याची नाडी बांधत, जणू मीठ आणायला सांगावं तसं म्हटलं होतं, “तुझं ते आण. पेटीचं काम होईल त्याच्यानं.” दीपकनं आणलं होतं. इलेक्ट्रिक गिटार, मंडपवाल्याच्या स्पीकरला जोडलेली. बाप थांबला होता कारण त्या जागेत गिटार होती. दर ओळीनंतर होती. मंडपवाल्यानं सगळं कॅसेटवर घेतलं होतं. आणि आता बाप तिथे थांबत होता, ऐकत होता, अडतीस वर्षांपूर्वीच्या कुणाची तरी वाट बघत होता, आणि त्या जागेत धप् धप्.

कुणीतरी गिटार काढून घेतली होती. दात काढतात तशी, मुळासकट.

डॉक्टरांनी आत बोलावलं. खुर्ची मागे झुकली, दिवा डोळ्यांवर आला, तोंडात कापसाचे बोळे आणि नळी. रूट कॅनॉल म्हणजे दात ठेवायचा आणि त्यातला जीव काढायचा, असं डॉक्टरांनी मागच्या वेळी हसत हसत सांगितलं होतं. कवटीत घरघर चालू होती, दुखत काहीच नव्हतं, आणि दुखत नव्हतं याचाच त्याला संताप येत होता. त्याला रोहितच्या घरी जायचं होतं, आत्ता, या क्षणी, आणि तो तोंड वासून आडवा पडला होता. पत्र्याच्या ट्रेमध्ये हत्यारं वाजत होती. डोळे मिटले की इगतपुरी दिसायची. बाप तिथे लोको शेडमध्ये खलाशी होता. संध्याकाळी क्वार्टरमध्ये पेटी निघायची, ढोलकी निघायची, शेजारचे चार जण यायचे, आई चहाचं आधण ठेवायची, आणि दहा-अकरा वर्षांचा दीपक गुपचूप बाहेर पडून गल्लीच्या टोकाला जायचा. तिथे एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचा, रिटायर होऊनही घर न सोडलेला, एकटाच. त्याच्या खिडकीत रेकॉर्ड प्लेअर होता. बाहेर इतकं धुकं असायचं की दिव्याचा खांब दिसायचा नाही, आणि त्या धुक्यातून तो आवाज यायचा. लोखंडाला लोखंड लागल्याचा, शंटिंगच्या आवाजासारखाच, पण गाणारा. शब्द एकही कळायचा नाही. बापाच्या गाण्यातला शब्द न् शब्द कळायचा आणि प्रत्येक शब्दात ते स्वतः असायचे, त्यांची वस्ती, त्यांची पाटी, त्यांची माय. ह्या गाण्याला त्याचं आडनाव माहीत नव्हतं. त्याला तेच हवं होतं. भिजलेल्या भिंतीला पाठ लावून तो उभा राहायचा आणि कुणाचाच नसायचा.

“झालं,” डॉक्टर म्हणाले. “दोन तास काही खाऊ-पिऊ नका. गरम तर मुळीच नको.”

स्कूटरवर बसल्यावर त्याला हेल्मेटचा पट्टा गालाला लागतोय की नाही तेही कळत नव्हतं. बिटको चौकात नेहमीसारखी वाहतूक तुंबली होती. पुढे सिंहस्थाच्या कामासाठी रस्ता खोदून ठेवला होता आणि एका मोठ्या फलकावर कुठल्याशा संगीत महोत्सवाची जाहिरात होती, द्राक्षांचे घोस, गिटारची आकृती, वाइनचा पेला. गिटार आता असलीच कुठेतरी असायची. फलकावर, टी-शर्टवर, हॉटेलच्या भिंतीवर खिळ्याला. त्याला प्रफुल्ल आठवला, आणि प्रफुल्ल आठवला की जे व्हायचं ते झालं, छातीत एक आंबट वाफ वर आली.

प्रफुल्ल त्यांच्या बँडचा गायक. कॉलेज रोडच्या बंगल्यातला मुलगा, त्याच्या गॅरेजमध्ये सराव चालायचा. बँडचं नाव ‘लूप लाइन’, दीपकनंच ठेवलेलं. इंग्रजी गाणी प्रफुल्ल असा म्हणायचा की जणू शाळेतून थेट विमानतळावर जाणार होता. तिथे दीपकला कुणी आडनाव विचारलं नाही, हे खरं. तो तिथे ‘डीप’ होता. विचारलं नाही, कारण माहीत होतं. हे कळायला त्याला फार उशीर लागला. एकदा सराव संपल्यावर वायरी गुंडाळताना प्रफुल्ल म्हणाला होता, “डीप, तुझे वडील ते जयंतीचं वगैरे गातात ना? एकदा ऐकवायला सांग हं. गंमत येईल.” सगळे हसले होते. दीपकही हसला होता, आणि ते हसू त्याच्या तोंडात अजून होतं, भुलीसारखं, स्वतःचं नसलेलं.

आता प्रफुल्ल साठीचा होता आणि दर रविवारी दुपारी गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका द्राक्षमळ्यातल्या हॉटेलात गायचा. मागच्या महिन्यात त्यानं आग्रहानं बोलावलं म्हणून दीपक गेला होता. केस काळेकुळकुळीत, पोटावर ताणलेला काळा टी-शर्ट, एक गुडघा नवीन बसवलेला म्हणून उंच स्टुलावर बसून. शब्द आठवत नाहीत म्हणून समोर टॅब, आणि टॅब दिसत नाही म्हणून चष्मा. ज्या गाण्यात व्यवस्थेला शिव्या होत्या ते गाणं चालू असताना वेटर पनीर टिक्का फिरवत होते. एका बाईनं मुलाचा वाढदिवस आहे म्हणून सांगितलं, तर प्रफुल्लनं ते गाणं मध्येच सोडून वाढदिवसाचं म्हटलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावून. मग दीपकच्या टेबलापाशी येऊन घामेजलेला हात त्याच्या खांद्यावर टाकला. “बघतोस ना डीप? अजून चालतंय आपलं.” दीपकला त्या हाताचीच किळस आली होती. बँडच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी फोटो आले. त्याआधीच्या दिवशी परदेशातला कुणीतरी ड्रमर मेल्याची बातमी होती, खाली ओळीनं जोडलेले हात, आणि त्याच्याखाली एकाचा शुगरचा रिपोर्ट.

या संगीताला म्हातारं होता येत नव्हतं, ही त्याची खरी तक्रार होती. ते निघालंच होतं म्हातारं न होण्यासाठी. बापाच्या गाण्यात म्हातारं व्हायला जागा होती; आवाज फाटला तर लोक पुढे सरकून ऐकायचे, दात पडले तर तेही गाण्यात बसायचं. बाप सत्तराव्या वर्षी पारावर बसून गायचा तेव्हा कुणाला वाईट वाटलं नव्हतं. साठीच्या प्रफुल्लकडे बघून मात्र मान खाली घालावीशी वाटत होती. आणि दीपक तर बघण्यासारखाही उरला नव्हता. टेलिफोन खात्यात नोकरी, मग स्वेच्छानिवृत्ती, गिटार कपाटाच्या वर. त्याच्या पुढे बाप होता आणि मागे बापाचा नातू. मधला तो, त्याला दोघांनी मिळून गाळला होता.

उज्वलाचं घर जेल रोडला, दुसऱ्या मजल्यावर. त्याची धाकटी बहीण. बाप शेवटची वर्षं तिच्याकडेच राहिला आणि तिथेच गेला. तिनं दार उघडलं, त्याचा वाकडा चेहरा पाहिला आणि घाबरली.

“दादा, काय झालं तोंडाला?”

“दात,” तो म्हणाला. आता शब्द जरा जवळ आले होते. “रोहित कुठाय?”

रोहित आतल्या खोलीत होता. भिंतींना काळे स्पंजाचे चौकोन चिकटवलेले, दोन स्क्रीन, छोटा कीबोर्ड, खुर्चीवर वाळलेले कपडे. चोवीस वर्षांचा, दाढी कोरलेली, दिवसा कुठल्याशा कंपनीचं काम घरूनच करणारा. मामाला पाहून तो उठला, कपडे उचलून खुर्ची मोकळी करून दिली.

“बसा ना मामा. ऐकलंत का शेवटी?”

दीपक बसला नाही. “गिटार कुठंय?”

रोहितला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. “त्या कॅसेटवरची? ती काढली.”

“काढली म्हणजे?”

“अ‍ॅप असतं मामा. जुनं रेकॉर्डिंग टाकलं की ते वेगळं करून देतं. आवाज वेगळा, ढोलकी वेगळी, गिटार वेगळी. दोन मिनिटांचं काम.”

“का काढली?”

रोहितनं मान खाजवली. तो उद्धट पोरगा नव्हता, आणि दीपकला तो उद्धट असता तर बरं झालं असतं. “खरं सांगू? आजोबा नीट ऐकूच येत नव्हते. गिटार सारखी मध्ये यायची. भांडल्यासारखी. आणि तिचा आवाज पण कसा, तेव्हाचा. लग्नातल्या ऑर्केस्ट्रासारखा. आमच्या वयाच्या पोरांना ते नाही चालत मामा. त्यांना आजोबा पाहिजेत.”

लग्नातला ऑर्केस्ट्रा. दीपकनं आयुष्यात फक्त दोन गोष्टींचा तिरस्कार मनापासून आणि सातत्यानं केला होता, त्यातली एक हीच होती. तो हसायला गेला, अर्धा चेहरा हसला.

“ती गिटार कुणाची होती माहितीय?”

“तुमची. आईनं सांगितलं.”

“मग मला विचारायचं नाही?”

“मेसेज केला होता ना,” रोहित म्हणाला. “दोनदा. ‘आजोबांच्या गाण्यावर काम करतोय, ऐकून सांगाल का.’ तुम्ही पाहिलात. उत्तर नाही दिलंत.”

हे खरं होतं. त्यानं पाहिले होते आणि अंगठ्यानं वर सरकवले होते, कारण रोहित जे करतो ते संगीत नव्हे असं त्याचं मत होतं, आणि ते मत बनवायला ऐकायची त्याला गरज वाटली नव्हती.

उज्वला चहा घेऊन दारात उभी होती. “काय चाललंय तुमचं?”

“तू कॅसेट दिलीस याला,” दीपक म्हणाला. “मला न विचारता. बाबांचा आवाज असा चव्हाट्यावर मांडायला. कुणीही पोरगी दवाखान्यात बसून फोनवर चाळतेय, त्याच्याखाली हे धपधप—”

“मांडलाच पाहिजे.” तिनं कप टेबलावर इतका जोरात ठेवला की चहा बशीत सांडला. “आता लोक ऐकतायत तर तुला पोटात दुखतंय? तुझ्या त्या मित्रांना कधी सांगितलंस, माझे बाबा गातात म्हणून? एकालाही? घरी आले होते दोघं तेव्हा बाबांना तू मागच्या खोलीत बसवलंस. बाबांनी पेटी उचलली आणि गेले. मी होते तिथे.”

“तसं नव्हतं ते.”

“तसंच होतं. आणि त्या दिवशी चौकात तू वाजवलंस ते बाबांच्या गाण्यासाठी नाही वाजवलंस. सगळ्यांना दाखवायला वाजवलंस. बायका कानावर हात ठेवून बसल्या होत्या.” ती वळली. “रोहितनं काढली ते बरं केलं.”

ती स्वयंपाकघरात गेली. भांडी वाजायला लागली, मुद्दाम.  त्या संध्याकाळचं दीपकला इतकंच आठवत होतं की कार्यक्रम संपल्यावर त्यानं बापाकडे पाहिलं होतं, आणि बापानं टोपी झटकली, पाणी प्यायलं, आणि मंडपवाल्याशी खुर्च्यांबद्दल बोलायला लागला. बरं झालं म्हणाला नाही, वाईट झालं म्हणाला नाही, काहीच नाही. त्यानंतर पेटीवाला बरा झाला, आणि बापानं दीपकला पुन्हा कधी बोलावलं नाही. दीपक कितीतरी दिवस वाट बघत होता की निदान शिवी तरी देईल.

“मामा,” रोहित खालच्या आवाजात म्हणाला, “गिटार मी फेकलेली नाही. आहे वेगळी. ऐकायचीय का?”

दीपक खुर्चीवर बसला.

ती पाण्याखालून आल्यासारखी आली. पातळ, धातूची, कडा झडलेली. जिथे बापाचा आवाज होता तिथे खड्डे होते, आणि खड्ड्यांच्या तळाशी ‘स’ आणि ‘श’चे नुसते श्वास राहिले होते. पहिल्यांदा त्याला फक्त चुका ऐकू आल्या. दुसरी तार उतरलेली. घाई. दाखवायची हौस. उज्वला बरोबर होती, पोरगा बरोबर होता. बावीस वर्षांचा एक माणूस म्हाताऱ्याच्या अंगावर धावून जात होता, त्याला गप्प करायला बघत होता, आणि म्हाताऱ्याचा आवाज काढून टाकल्यामुळे तो आता हवेतच हात चालवत होता. दीपकला त्याचा राग आला, जसा सगळ्यांचा येत होता. मग दुसऱ्या कडव्यानंतर एक जरा मोठी जागा आली, आणि तिथे त्या पोरानं एक लकेर घेतली. ही दीपक साफ विसरला होता. चार पायऱ्या सावकाश खाली, आणि मग एकदम वर, आणि वर जाऊन ती तशीच टांगलेली, न संपवता. ती कुठल्या रेकॉर्डमधली नव्हती. ती त्याची होती. आयुष्यात त्यानं एवढी एकच गोष्ट अशी केली होती जी कुणासारखी नव्हती, आणि ती त्यानं जयंतीच्या मंडपात, लाउडस्पीकरवर, कानावर हात ठेवलेल्या बायकांसमोर केली होती.

“थांबा,” रोहित म्हणाला, जणू दीपकच वाजवत होता. त्यानं मागे नेऊन ती जागा पुन्हा लावली. “हे काय आहे खाली?”

गिटारच्या खाली, तिला चिकटून, आणखी एक आवाज होता. ओठ मिटून केलेला. चार पायऱ्या खाली, गिटारच्या अगदी मागून, अर्धा क्षण उशिरा, जिना माहीत नसलेला माणूस पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरतो तसा.

“आजोबा आहेत,” रोहित म्हणाला. “गुणगुणताहेत. तुमच्याबरोबर. अ‍ॅपला वाटलं हीसुद्धा गिटारच.”

 दीपकच्या गालाला मुंग्या यायला लागल्या होत्या.

“हे भारी आहे मामा. हे मी सुरुवातीला घेतो. नुसतं गुणगुणणं.” रोहित आधीच कामाला लागला होता. त्यानं तेवढा तुकडा कापला, पुन्हा कशात तरी टाकला, वाट पाहिली. गिटार आणि गुणगुणणं एकत्रच बाहेर आलं. त्यानं काहीतरी बदललं, पुन्हा टाकलं. गिटार कमी झाली तर बापही कमी झाला. तिसऱ्यांदा दोघंही भुंग्यासारखे गुंगुं करायला लागले. रोहितनं जिभेनं ‘च्च’ केलं.

“पुन्हा कर,” दीपक म्हणाला. सकाळपासून त्याला पहिल्यांदाच काहीतरी बरं वाटत होतं.

“नाही होत. दोघांचा सूर एकच पडतो.” रोहितनं खुर्ची फिरवली. “ठीक आहे, गिटार ठेवू. थोडी मागे घेतो.”

“मागे नाही.”

“मामा, समोर आणली तर लोक पुढे सरकवतात. सुरुवातीचे तीन सेकंद—”

“सरकवू दे. जेवढी होती तेवढी ठेव. नाहीतर त्यांनाही घेऊ नकोस.”

“ते आजोबा आहेत, मामा.”

“आणि ते काय आहे? घाण आहे?”

रोहित पहिल्यांदाच चिडला. “तुम्हाला गाणं नकोय. तुम्हाला फक्त तुम्ही पाहिजेत त्याच्यात.” त्यानं रागानं बटण दाबलं, तो तुकडा आपोआप पुन्हा पुन्हा वाजायला लागला, आणि स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. उज्वला हात पुसत आली. दारात उभी राहून तिनं दोनदा ऐकलं.

“हे कुठे मिळालं?” ती म्हणाली. “हे बाबांचं आहे.”

“कसलं बाबांचं,” दीपक म्हणाला. “माझी लकेर आहे ती.”

“तुझी कुठली? शेवटची पाच वर्षं रोज ऐकलंय मी हे. जेवण झालं की गॅलरीत हात धुवायला जायचे आणि हेच. अंघोळीला हेच. मी विचारायचे, बाबा कुठलं गाणं हो, तर म्हणायचे, असंच आहे एक.” ती कीबोर्डकडे न बघता, त्याच्याकडेही न बघता, खिडकीच्या दिशेनं पाहत होती. “पण हे अर्धवट आहे. बाबांचं असं नव्हतं.”

आणि तिनं ते गुणगुणून दाखवलं. तिला सूर होता, बापाचाच. चार पायऱ्या खाली, मग वर. पण वर ती थांबली नाही. तिथून एक छोटं वळण घेऊन, जसं कुणी दार लोटून आत येतं तसं, ती घरच्या स्वरावर येऊन टेकली. तिथे ती लकेर संपली. इतकी सरळ संपली की ती कधी टांगलेली होती यावर विश्वास बसू नये.

“शेवट चुकीचा आहे,” दीपक म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. “तो वर संपतो. वरच सोडायचा असतो तो. मुद्दाम सोडलाय.”

“बाबा असंच म्हणायचे.”

“मी केलंय ते उज्वला. मला माहितीय कसं आहे ते.”

“मग तू यायचंस इथे,” ती म्हणाली, न चिडता, आणि ते न चिडणं त्याला सगळ्यात जास्त लागलं. “पाच वर्षं होते ते इथे. सांगायचंस त्यांना, चुकतंय म्हणून.”

रोहितनं वाजणं बंद केलं. खोलीत स्पंजाच्या भिंतींमुळे शांतता कानात कोंबल्यासारखी झाली. चहावर साय धरली होती. दीपक उठला, हेल्मेट घेतलं. रोहित मागून जिन्यापर्यंत आला.

“मामा, फाईल पाठवू तुम्हाला? गिटारची?”

“नको.”

“पाठवून ठेवतो. नाही ऐकली तर—”

“सांगितलं ना नको म्हणून.”

खाली येऊन त्यानं स्कूटर स्टँडवरून काढली. समोर भाजीच्या गाड्या लागत होत्या, कोणीतरी कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारत होतं. गालात आता ठणका सुरू झाला होता, त्यानं हेल्मेट डोक्यात घातलं आणि आतल्या आत, ओठ मिटून, ती लकेर सुरुवातीपासून म्हटली, नीट, जशी होती तशी. चार पायऱ्या खाली. मग वर. आणि वर पोचताच ते छोटं वळण आलं आणि ती आत येऊन टेकली. त्यानं मान झटकली. पुन्हा म्हटली. पुन्हा टेकली. कितीही सांभाळून वर नेली तरी तिथे उभं राहायला आता जागाच नव्हती. बापानं ती बुजवून टाकली होती, रोज थोडी थोडी, हात धुता धुता, आणि त्यानंही दीपकला विचारलं नव्हतं. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. दीपकनं त्याला शिवी दिली, स्कूटर पुढे काढली, आणि हेल्मेटच्या आत पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली.